साच्यावरचं अर्धं कापड

पार्ल्यात पूर्वेला, स्टेशनपासून चालत येण्याजोग्या अंतरावर आमचं फ्रेमचं दुकान आहे. भाऊंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी ते काढलं. लोक देवांच्या तसबिरी घेऊन येतात, मुलाच्या पदवीचं प्रमाणपत्र घेऊन येतात, आणि घरातलं कुणी गेलं की त्यांचा फोटो घेऊन येतात. फोटोवाल्यांना नेहमी दहाव्याच्या आत हवी असते फ्रेम, आणि प्रमाणपत्रवाले वर्षभर न्यायला येत नाहीत.

दशरथ आमच्याकडे आला तोही गिऱ्हाईक म्हणूनच. गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष उलटून गेलं होतं. तो गिरणीत साचेवाला होता, म्हणजे कापड विणणारा. मागाला ते लोक साचा म्हणतात. त्याच्या खात्याचा, दसऱ्याच्या पूजेला काढलेला एक ग्रुप फोटो घेऊन तो आला होता. फोटोत साच्यांना झेंडूच्या माळा, आणि पुढे धुतलेल्या शर्टांत उभी असलेली सगळी मंडळी, देवळात उभं राहावं तशी गंभीर.

भाऊंचा हात तेव्हा थरथरायला लागला होता. फोटोभोवतीचा माउंट काही केल्या सरळ बसेना. मी मदत करायला गेले की ते ओरडायचे, म्हणून मी गप्प बसले होते. दशरथ पलीकडून बघत होता. तो म्हणाला, "भाऊ, उजवीकडना जरासा वर घेवा." माझ्या बापाने जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं. त्यांनी माउंट वर घेतला. मग चष्मा काढून त्या माणसाकडे पाहिलं आणि विचारलं, "सध्या काय करतोस?"

"काय नाय."

"उद्यापासून ये."

असा तो आला. घाटकोपरच्या भटवाडीतून बसने यायचा, साकीनाक्याला गाडी अडकली की घामाघूम होऊन पोचायचा, पण दुकानाचं शटर कधी उशिरा वर गेलं नाही. दोन महिन्यांत पट्टी कापायला शिकला. काचेला मात्र भाऊंनी त्याला बरेच दिवस हात लावू दिला नाही. काच कापायची ती हिरकणी त्यांनी स्वतःच्या हाताने त्याच्या हातात दिली, त्या दिवशी दशरथने ती आधी कपाळाला लावली. मला हसू आलं होतं. भाऊंना आलं नाही.

पुढच्या वर्षी भाऊ गेले. तेरावं झाल्यावर नातेवाइकांनी मला समजावायला सुरुवात केली. दुकान विकून टाक, बाईमाणसाने खिळे-हातोडीत कशाला पडायचं, वगैरे. समजावणाऱ्यांतल्या दोघांना गाळा स्वतःलाच हवा होता, ते सोडा. मी खरंच विकलं असतं. रडून रडून माझी अक्कल तेव्हा गहाण पडली होती. पण चौदाव्या दिवशी सकाळी दारात दशरथ उभा. हातात चहाची किटली. म्हणाला, "ताई, चावी देतास? गिऱ्हायका परत जातत." मी चावी दिली. मागोमाग मीही गेले. तेव्हापासून दुकान चालू आहे, आणि माझ्या ताटात पडतं ते त्या माणसामुळे. हे मी त्याला तोंडावर कधी बोलले नाही. आमच्या घराण्यात कौतुक करायची पद्धत नाही, ओरडायची आहे.

आता त्याच्या शर्टांविषयी सांगते, कारण पुढचं सगळं त्या शर्टांवरून झालं.

दर दिवाळीला मी त्याला शर्टाचं कापड द्यायची. तो ते दोन्ही हातांनी घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि दुकानातल्या खालच्या खणात ठेवून घरी जायचा. परत कधी नावच नाही. अंगात तेच, कॉलर उलटवून शिवलेले, कोपराला ठिगळं लावलेले जुने शर्ट. स्वच्छ, पण जुने. पहिल्या वर्षी मला वाटलं विसरला. दुसऱ्या वर्षी मी भडकले. "दशरथ, रंग आवडत नसेल तर तोंडाने सांगा ना! बदामी तुम्हाला शोभेल म्हणून मी दादरपर्यंत गेले होते."

तो नुसता हसला. मग एकदा त्याची बायको रत्नप्रभा दुकानात आली, तेव्हा मला खरं कळलं.

संपाच्या आदल्या पाळीला दशरथच्या साच्यावर कापड अर्धं झालेलं होतं. सगळ्यांना वाटत होतं, आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. तोही तसाच बाहेर पडला. आत परत जाता आलंच नाही. मग कधीतरी, गिरणीच्या बंद दरवाजासमोर उभं राहून, त्याने ठरवून टाकलं की ते कापड पुरं होऊन साच्यावरून उतरेपर्यंत आपण नवं कापड अंगाला लावायचं नाही.

"माका सांगा ताई," रत्नप्रभा म्हणाली, "ह्येका काय अर्थ आसा? ह्यो काय देवाक बोललेलो नवस आसा? साच्याक बोललेलो!"

मी तिला म्हटलं, असू दे, माणसाला काहीतरी धरून राहायला लागतं. बोलायला काय जातं. पण शहाऐंशी साली त्यांच्या मुलीचं, सुलक्षणाचं लग्न ठरलं. मार्गशीर्षातली तारीख. आणि त्याच उन्हाळ्यात दशरथचा एक जुना सोबती बातमी घेऊन आला की त्यांच्या खात्यातले साचे तोडून भंगारात गेले. कापडाचं काय झालं ते कुणी पाहिलंही नव्हतं.

मला वाटलं, सुटला बिचारा. साचाच नाही तर शब्द कसला! मी त्याला तसं म्हटलंही. तो पट्टीला घासकागद मारत होता. हात न थांबवता म्हणाला, "आता तर काय उतराचाच नाय ता, ताई."

म्हणजे अडकला तो कायमचा. रत्नप्रभा पुन्हा आली, आणि या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी होतं. व्याह्यांनी काय म्हणायचं? मुलीचं कन्यादान करायला बाप ठिगळाच्या शर्टात बसणार? सुलक्षणा तर म्हणाली होती, बाबा नवीन कपडे घालणार नसतील तर मीही जुन्या साडीत उभी राहते. पोरगी बापाच्याच वळणावर गेलेली. मी दशरथला समजावलं, रागावले, दोन दिवस बोलले नाही. त्याने ऐकून घेतलं, आणि तिसऱ्या दिवशीही तोच शर्ट घालून आला.

अशात नवरात्राच्या सुरुवातीला श्यामसुंदरकाका ते चित्र घेऊन आले.

काका आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. जहाज कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. निवृत्त झाले तरी आवाज अजून डेकवरचाच. निवृत्तीच्या आधी ते आणि जयंतीकाकू बाली बेटावर पंधरा-वीस दिवस राहून आले होते, आणि तिथल्या एका चित्रकाराकडून त्यांनी तैलचित्र करून घेतलं होतं. गुंडाळी करून आणलेलं ते चित्र चार वर्षं कपाटावर पडलं होतं. आता दसऱ्याला त्यांना ते दिवाणखान्यात लावायचं होतं.

मी गुंडाळी उलगडली. ओसरीवर तीन बायका. एक दोरा गुंडाळतेय, एक म्हातारी रंगवलेल्या लडी सोडवतेय, आणि मधली विणायला बसलेली. जमिनीवर पाय लांब करून. तिच्या मागाला खांब नाहीत की चौकट नाही. कमरेमागे एक वाकडी फळी, फळीला दोऱ्या, आणि पुढे पायापर्यंत ताणलेले उभे धागे. ती मागे रेलली की धागे ताठ होणार, पुढे वाकली की सैल. मांडीवर अर्धं विणून झालेलं लाल-पिवळं कापड. तिघींचेही खांदे उघडे, केसांत चाफा.

"खांद्यांकडे बघू नका," काका उगाचच म्हणाले, "तिकडे तशीच पद्धत आहे."

"मी फ्रेमचं माप बघतेय काका," मी म्हटलं.

दशरथ माझ्या मागे येऊन उभा होता. तो म्हणाला, "म्हंजे साचो ती सोताच." काकांना ते कळलं नाही. ते मला सांगत होते की चित्राला धक्का लागता कामा नये, बोटाचा डागसुद्धा नको, तशा चित्राला जोड मिळणार नाही. नवमीला संध्याकाळी घेऊन जाईन म्हणाले.

दशरथने त्या चित्रावर जीव लावून काम केलं. चौकटीवर ताणताना एकदा नाही, तीनदा सोडवून परत ताणलं. सागवानी पट्टी त्याने निवडली. मला काही विचारलंही नाही, आणि मीही विचारू नये इतकी ती बरोबर होती.

नवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. खंडेनवमी. भाऊ असल्यापासून पूजा दशरथच करतो, कारण गिरणीत तो दरवर्षी करायचा आणि त्याचा हात त्यात बसलेला. सकाळी त्याने टेबल पुसलं, करवत, हातोडी, गुण्या, पक्कड आणि भाऊंची हिरकणी ओळीने मांडली. चित्र मागे भिंतीला टेकवून ठेवलं होतं, फ्रेम लागून तयार. मी झेंडूची फुलं आणायला बाजारात गेले.

परत आले तर दशरथ स्टुलावर बसलेला. दोन्ही हात मांडीवर, पालथे.

"काय झालं?"

त्याने चित्राकडे मान केली. विणणाऱ्या बाईच्या मागावर, फळीवर आणि त्या अर्ध्या कापडाच्या कडेला हळदीकुंकवाची ओली बोटं उमटली होती.

"करवतीक लायलंय, हातोडीक लायलंय, हिरकणीक लायलंय," तो म्हणाला, "आणि हात तसोच फुडे गेलो. माका कळलाच नाय ताई. वीस वर्सां गेलेलो हात तो."

माझी वाटच लागली. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. कापूस घेतला आणि त्याच्या हातात कोंबला. "ओलं आहे तोवर हळूच टिपा. जाईल."

त्याने कापूस घेतला, चित्राजवळ गेला आणि तसाच उभा राहिला. मग वळून म्हणाला, "कुंकू पुसूचा कसा, ताई? तुमी सांगा."

सवाष्णीच्या पुढ्यातलं कुंकू, साच्याला लावलेलं, तेही नवमीच्या दिवशी. मी काही फार देवभोळी नाही. पण कापूस मीही हातात घेतला नाही. आम्ही दोघं खुळ्यासारखे त्या बाईसमोर उभे राहिलो, आणि कुंकू आमच्या डोळ्यांदेखत वाळलं.

संध्याकाळपर्यंत मला उसंत मिळेल असं वाटलं होतं, पण काका-काकू दुपारीच हजर. काकूंना धीर धरवेना, असं काका म्हणाले. मी काहीतरी थाप मारणार होते, फ्रेम अजून ओली आहे वगैरे. त्याआधीच दशरथ पुढे झाला.

"सायेब, चूक माझी आसा. ताईंची नाय."

काकांनी पाहिलं. मग गल्लीभर ऐकू जाईल असा तो आवाज सुटला. अक्कल आहे का, हे काय देवाचं कॅलेंडर आहे, चार समुद्र ओलांडून आणलं ते यासाठी का, आणि शुभा, भाऊ असते तर असं झालं असतं का? शेवटचं मला लागलं. मी म्हटलं, "भाऊ असते तर त्यांनीही पुसलं नसतं, काका." कशाच्या जोरावर म्हटलं कोण जाणे.

दशरथ मान खाली घालून म्हणाला, "उद्यापासून मी येनय नाय ताई. दुकानाचा नाव जाता." त्याने खरंच कोपऱ्यातली पिशवी उचलली.

"थांबा हो," जयंतीकाकू म्हणाल्या. त्या आतापर्यंत चित्राला नाक लावून बघत होत्या. "तुम्ही जरा गप्प बसा," हे काकांना. मग दशरथला, "मला सांगा, तिथेच का लावलंत? हिच्या कपाळाला नाही, मागालाच का?"

तेव्हा दशरथने सांगितलं. मला इतकी वर्षं रत्नप्रभाकडून कळलं होतं ते पहिल्यांदा त्याच्या तोंडून ऐकलं. रोज साचा सुरू करायच्या आधी तो त्याला हात लावून नमस्कार करायचा. त्या साच्याने आईला औषध दिलं, बहिणींची लग्नं लावली, पोरीला शाळेत घातलं. आणि त्या शेवटच्या पाळीला, घोषणांच्या गडबडीत, तो हात न लावता बाहेर पडला. परत यायचंच आहे म्हणून. "तेका साधा 'येतंय' म्हणान सांगूक नाय मी," दशरथ म्हणाला. "कापड अर्धा टाकून इलंय. आता साचो भंगारात गेलो. ह्या बायेचाव कापड अर्धा बघलंय, आणि..." त्याने चित्राकडे नुसता हात केला.

काका खाली बघत होते.

"अर्धं?" काकू म्हणाल्या. "अहो, कोण म्हणालं अर्धं?"

आणि त्या चक्क दुकानातून बाहेर पडल्या. काका म्हणाले, "ही कुठे निघाली आता?" मी त्यांना चहा मागवला. त्यांनी तो घेतला, म्हणजे राग उतरत होता. पेल्यात बघत ते पुटपुटले, "तिकडेही ठेवतात म्हणा. सकाळी पानाचा एवढासा द्रोण, त्यात फुलं, तांदूळ. विणायला बसायच्या आधी मागाजवळ ठेवायची ती. चित्रकाराने तेवढं काढलं नाही."

काकू परतल्या त्या धापा टाकत, छातीशी जुन्या साडीत बांधलेलं गाठोडं धरून. टेबलावरची हत्यारं त्यांनी जराशी सरकवली आणि गाठोडं सोडलं. आत कापड होतं. लाल-पिवळं. उपरण्याएवढं रुंद, दोन्ही हात पसरून धरलं तरी उरेल इतकं लांब. चित्रातल्या बाईच्या मांडीवर होतं तेच.

"मी रोज तिच्या शेजारी जाऊन बसायची," काकू म्हणाल्या. "तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. चित्र काढून झालं, चित्रकार गेला, पण ती विणतच होती ना! आम्ही निघायच्या आदल्या दिवशी पुरं झालं. तिने माझ्यासमोर मागावरून काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. हे घ्या दशरथ. हात लावून बघा."

दशरथने हात पँटला पुसले. एकदा, दोनदा. कापडाचं एक टोक उचललं आणि कडेवरून अंगठा फिरवत फिरवत दुसऱ्या टोकाला गेला. मध्ये एका जागी अंगठा थांबला. चित्रात जिथवर विणून झालं होतं, तिथे. त्याने चित्राकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं, आणि तिथून पुढचं सगळं कापड फार सावकाश हातांखालून जाऊ दिलं. शेवटाला धाग्यांच्या गाठी मारलेल्या होत्या.

"उतारला," तो म्हणाला.

मग त्याने ते कापड डोळ्यांना लावलं आणि आमच्या सगळ्यांसमोर, अजिबात न लाजता, हुंदके देऊन रडला. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. डेकवरचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "शुभा," ते म्हणाले, "याला काच लाव."

"तैलचित्राला काच लावत नाहीत काका."

"मला शिकवू नकोस. ते कुंकू निघता कामा नये. काच लाव."

मी लावली. हिरकणी दशरथच्या हातात दिली आणि त्याने एका रेघेत काच कापली. पूजा राहिलीच होती, ती मग सगळ्यांनी मिळून केली. काकूंनी कापडही हत्यारांच्या रांगेत मांडलं. चित्राला झेंडूची माळ दशरथनेच घातली, दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलला. मला ऐकू आलं ते एवढंच, "येतंय."

संध्याकाळी शटर ओढायच्या वेळी तो घुटमळला. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात.

"काय हो? अजून काय राहिलं?"

"ताई, ता बदामी कापड... आसा काय अजून?"

खालच्या खणात होतं. तिन्ही दिवाळ्यांची कापडं होती, घडीवर घडी. मी ती सगळी त्याच्या पिशवीत घातली. डोळे पुसायला मला वेळ मिळावा म्हणून शटरचं कुलूप अडकतंय असं नाटक केलं.

सुलक्षणाच्या लग्नाला मी भटवाडीत सकाळीच गेले. रत्नप्रभाने मला आत ओढून नेलं, बघा म्हणाली. दशरथ आरशासमोर उभा होता, बदामी शर्ट अजून हातात. आपल्याकडे नवं कापड अंगात घालण्याआधी त्याच्या कोपऱ्याला कुंकू लावतात, तसं तो लावत होता. फार जपून, एकच बोट. मग त्याने शर्ट चढवला, बटणं लावली आणि माझ्याकडे वळला.

भाऊंनी त्याला 'उद्यापासून ये' म्हटलं, त्याबद्दल मी भाऊंची ऋणी आहे. चौदाव्या दिवशी किटली घेऊन दारात आला, त्याबद्दल त्याची. पण त्या क्षणी माझ्या मनात वेगळंच कुणी आलं. कुठल्याशा बेटावर, ओसरीत पाय लांब करून बसलेली एक बाई. तिचं नाव मला माहीत नाही, आणि तिला घाटकोपर माहीत असायचं कारण नाही. चित्र काढून झाल्यावर तिने कापड अर्धं टाकलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. तिने ते पुरं केलं.

"बरो दिसतंय ना, ताई?" दशरथने विचारलं.

आमच्या घराण्यात कौतुक करायची पद्धत नाही. "झकास," मी म्हटलं. "आणि दशरथ, चौदाव्या दिवशी आलात ना तुम्ही, चावी मागायला... तेव्हा आलात म्हणून दुकान आहे. मीही आहे."

बाहेर सुलक्षणा नव्या साडीत बापाची वाट बघत उभी होती. तो तिच्याकडे गेला.